सेनापती चेंबरलेन आणि शिस्तीचा प्रश्न

पालकांची सभा भरली म्हणजे दरवर्षी एक प्रश्न हटकून निघतो. एक गृहस्थ उठून म्हणतात, "गुरुजी, अलीकडे शाळेत शिस्त राहिली नाही, मुलांना धाक म्हणून उरला नाही." ते खाली बसतात न बसतात तोच दुसरे उठतात, आणि त्यांचे गाऱ्हाणे नेमके उलटे असते : शिक्षक मुलाचे काही ऐकूनच घेत नाहीत, बोलण्याआधीच शिक्षा ठरलेली असते. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतात, हे आम्ही जाणतो. छडीचे राज्य आता संपले. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने शाळेत मुलाला मारणे मना केले, आणि ते योग्यच झाले असे आमचे मत आहे. परंतु छडी गेली, तिच्या जागी काय यावे, हा प्रश्न शिल्लक राहतोच. ज्याच्या हाती अधिकार आहे त्याने तो कशाच्या बळावर चालवावा? या प्रश्नाचा विचार करू लागलो म्हणजे आम्हांस एका पुरुषाचे चरित्र आठवते. तो पुरुष प्रथम शिक्षक होता, मग शिपाई झाला, मग राज्यकर्ता झाला आणि शेवटी पुन्हा शिक्षक झाला. रणांगणावर त्याने अक्षय कीर्ती मिळवली, आणि स्वतःच्याच कॉलेजातील पोरांपुढे मात्र हार खाल्ली. त्याचे नाव जोशुआ लॉरेन्स चेंबरलेन.

अमेरिकेतील संयुक्त संस्थानांपैकी अगदी ईशान्येकडील संस्थान म्हणजे मेन. तेथील ब्रूअर या गावी ८ सप्टेंबर १८२८ रोजी चेंबरलेन यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचे, शिस्त कडक. मुलाने सैन्यात जावे असे वडिलांच्या मनात होते, तर त्याने धर्मोपदेशक व्हावे अशी आईची इच्छा होती. वडिलांनी एखादे अवघड काम सांगावे, आणि मुलाने "हे कसे करू?" असे विचारावे, तर "कर, म्हणजे झाले," अशा थाटाचे उत्तर मिळे. मुलाच्या जिभेला तोतरेपणाची खोड होती. काही अक्षरे उच्चारताना त्याची वाणी अडखळे आणि त्यामुळे चार लोकांत बोलणे त्यास संकट वाटे. पण शब्दांना गाण्यासारखी लय देऊन बोलण्याचा अभ्यास त्याने चिकाटीने केला आणि त्या दोषावर मात केली. हाच मुलगा पुढे वक्तृत्वाचा प्राध्यापक झाला! आमच्या वर्गांतही तोंड उघडण्यास भिणारी मुले आहेत. त्यांनी ही गोष्ट मनाशी जपून ठेवावी.

ग्रीक भाषेचा अभ्यास बऱ्याच अंशी घरीच करून १८४८ साली ते ब्रन्सविक गावच्या बोडन कॉलेजात दाखल झाले आणि १८५२ साली पदवीधर झाले. त्याच काळात त्या कॉलेजातील एका प्राध्यापकाच्या पत्नी, श्रीमती हॅरिएट बीचर स्टो, गुलामगिरीवरील आपली जगप्रसिद्ध कादंबरी 'अंकल टॉम्स केबिन' लिहीत होत्या. शनिवारी सायंकाळी आपल्या घरी जमलेल्या मंडळींस त्या लिहून झालेला भाग वाचून दाखवीत. त्या मंडळींत तरुण चेंबरलेन बसत असत. माणसाने माणसास विकावे, आईपासून लेकरू तोडून बाजारात उभे करावे, या पापाची कथा त्यांनी अशी तोंडून ऐकली. आपल्या महाराष्ट्रापासून हा विषय फार दूरचा आहे असे कोणी समजू नये. ज्यांचे शिक्षण पुण्यास स्कॉटिश मिशनच्या शाळेत झाले, त्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि ते अर्पण केले अमेरिकेतील सज्जन लोकांस. कारण त्यांनी नीग्रो गुलामांस दास्यातून सोडवण्यासाठी औदार्य व स्वार्थत्याग दाखविला होता. ज्या लोकांस उद्देशून जोतीरावांनी ते शब्द लिहिले, त्यांपैकी आमचे चरित्रनायक एक होत.

पदवीनंतर बँगोर येथील सेमिनरीत तीन वर्षे धर्मशास्त्राचा अभ्यास करून ते बोडन कॉलेजातच शिकवू लागले. १८६१ साली गुलामगिरीच्या प्रश्नावरून दक्षिणेकडील संस्थाने फुटून निघाली आणि यादवी युद्ध पेटले. १८६२ साली कॉलेजाने चेंबरलेन यांस युरोपात जाऊन अभ्यास करण्यासाठी दोन वर्षांची रजा दिली. त्यांनी ती रजा घेतली. पण युरोपास न जाता ते संस्थानच्या गव्हर्नरांकडे गेले आणि लढाईवर जाण्याची इच्छा त्यांनी प्रकट केली. गव्हर्नरांनी त्यांस एकदम कर्नलची जागा देऊ केली. तेव्हा चेंबरलेन म्हणाले की, आम्हांस हे काम येत नाही. आधी खालच्या पायरीवर राहून शिकू द्यावे. म्हणून मेनच्या विसाव्या पलटणीत ते दुय्यम अधिकारी, म्हणजे लेफ्टनंट कर्नल झाले. दिवसा कवायत करावी आणि रात्री युद्धशास्त्राची पुस्तके वाचावी, असा त्या तेहतीस-चौतीस वर्षांच्या प्राध्यापकाचा क्रम सुरू झाला. आपणांस एखादी गोष्ट येत नाही हे कबूल करणारा अधिकारी किती विरळा असतो, हे ज्यांनी नोकरी केली आहे त्यांस सांगावयास नको.

आता आमच्या प्रश्नास जो प्रसंग जाऊन भिडतो तो सांगतो. १८६३ च्या मे महिन्यात चेंबरलेन यांच्या छावणीत १२० शिपाई संगिनींच्या पहाऱ्यात आणून उभे करण्यात आले. ते मेनच्याच दुसऱ्या पलटणीचे लोक होते. त्यांच्या सोबत्यांनी दोन वर्षांच्या करारावर सह्या केल्या होत्या, ते मुदत संपताच घरी गेले. यांनी मात्र तीन वर्षांच्या करारावर सह्या केलेल्या होत्या. आम्हांसही याच पलटणीपुरते घेतले होते, पलटण मोडली तर आम्हीही मोकळे, असे त्यांचे म्हणणे होते. आणि कोणी ते ऐकत नाही म्हणून त्यांनी बंदूक हाती घेण्याचे नाकारले. वरिष्ठांचा हुकूम असा होता की, या लोकांनी काम न केल्यास त्यांस खुशाल गोळ्या घालाव्या. चेंबरलेन यांनी काय केले? आपल्या पद्धतीने वागण्याची परवानगी त्यांनी वरिष्ठांकडून मागून घेतली आणि पहारा उठविला. त्या लोकांस नीट जेवणही मिळाले नव्हते. म्हणून प्रथम त्यांस जेवू घातले. मग त्यांचे गाऱ्हाणे ऐकून घेतले. ते सगळेच खोटे नाही असे दिसताच गव्हर्नरांस त्याविषयी पत्र लिहिण्याचे वचन दिले, आणि ते पाळले. पण त्याबरोबरच त्यांस स्पष्ट सांगितले की, तुमच्या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत तुम्ही शिपाई आहात आणि शिपायाचे काम तुम्हांस केले पाहिजे. मग त्यांचा वेगळा गट राहू न देता त्यांस निरनिराळ्या तुकड्यांत वाटून टाकले. मोजके काही जण सोडल्यास सगळ्यांनी बंदुका उचलल्या.

वाचकांनी येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चेंबरलेन यांनी त्यांची मागणी मान्य केली नाही. तसा अधिकारच त्यांस नव्हता. त्यांनी नियम मोडला नाही की शिथिलही केला नाही. त्यांनी फक्त जेवू घातले आणि ऐकले. पुष्कळांचा असा समज असतो की, ऐकून घेणे म्हणजे नमणे. या प्रसंगाने तो समज खोटा ठरतो.

पुढे दोनच महिने गेले नाहीत तो, २ जुलै १८६३ रोजी, पेनसिल्व्हेनिया संस्थानातील गेटिसबर्ग येथे ही पलटण लिटल राउंड टॉप नावाच्या टेकडीवर उभी होती. तोपर्यंत चेंबरलेन तिचे कर्नल झाले होते. उत्तरेच्या साऱ्या सैन्याच्या रांगेचे अगदी डावे टोक त्यांच्याकडे सोपविले होते. ते ढळले असते तर शत्रू रांगेच्या पाठीशी शिरला असता. म्हणून काही झाले तरी जागा सोडावयाची नाही असा हुकूम होता. अलाबामा संस्थानच्या शूर शिपायांनी पुनःपुन्हा हल्ले केले. पलटणीतील सुमारे एकतृतीयांश लोक पडले किंवा जखमी झाले, आणि शेवटी काडतुसे संपली. मागे हटणे शक्य नव्हते, उभे राहणेही शक्य नव्हते. तेव्हा चेंबरलेन यांनी संगिनी चढविण्याचा हुकूम दिला आणि पलटण उतारावरून शत्रूवर तुटून पडली. शत्रूची दाणादाण झाली आणि कित्येक जण कैद झाले. या पराक्रमाबद्दल १८९३ साली त्यांस राष्ट्राचे सर्वोच्च लष्करी पदक मिळाले. परंतु त्या दिवशी पलटणीचे निशाण हाती धरून, भोवतालचे लोक पडत असताना, मधोमध उभा राहिलेला शिपाई कोण होता? त्याचे नाव अँड्र्यू टोझियर, आणि तो त्या दुसऱ्या पलटणीतून आलेल्यांपैकी होता! त्या १२० जणांवर मे महिन्यात गोळ्या झाडल्या असत्या, तर जुलै महिन्यात त्या टेकडीवर काय झाले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

१८ जून १८६४ रोजी पीटर्सबर्ग येथे एक गोळी चेंबरलेन यांच्या कमरेतून आरपार गेली. मागून येणाऱ्या लोकांचा धीर खचू नये म्हणून जमिनीत तलवार रोवून तिच्या आधाराने ते काही वेळ उभे राहिले, आणि मग कोसळले. आता हे वाचत नाहीत असे समजून जनरल ग्रँट यांनी त्यांस रणांगणावरच ब्रिगेडियर जनरल केले. वर्तमानपत्रांत त्यांच्या मृत्यूची बातमीही छापून आली. पण ते वाचले आणि त्याच वर्षी पुन्हा सैन्यात रुजू झाले. ती जखम मात्र जन्मभर भरली नाही.

९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती ली यांनी ॲपोमॅटॉक्स येथे ग्रँट यांच्यापुढे शरणागती पत्करली. तीन दिवसांनी, १२ एप्रिलला, दक्षिणेच्या पायदळाने येऊन आपली शस्त्रे व निशाणे प्रत्यक्ष खाली ठेवावयाची होती, आणि ती स्वीकारण्याचे काम चेंबरलेन यांच्याकडे देण्यात आले. हरलेले, उपाशी, फाटक्या कपड्यांतील शिपाई मान खाली घालून रस्त्याने येऊ लागले. त्यांच्या अग्रभागी जनरल गॉर्डन घोड्यावर होते. तोच चेंबरलेन यांनी आपल्या लोकांस हुकूम दिला, आणि रस्त्याच्या कडेस उभ्या असलेल्या विजयी सैन्याने बंदुका उचलून सलामी दिली. गॉर्डन यांनी चमकून वर पाहिले, घोडा वळवून तलवारीचे टोक खाली केले आणि आपल्या लोकांसही सलामी देण्यास सांगितले. जयघोष नाही, वाद्य नाही, हेटाळणी नाही. दोन्ही सैन्ये निःशब्द. हा हुकूम देताना आपणांवर टीका होणार हे चेंबरलेन यांस ठाऊक होते, आणि ती झालीही.

येथे विचारी वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो आम्हांस महत्त्वाचा वाटतो. ज्यांनी गुलामगिरी टिकविण्याच्या पक्षाकडून शस्त्र धरले, त्यांस सलामी कशाची? चेंबरलेन यांचे उत्तर असे होते की, ही सलामी त्या पक्षास नसून त्या माणसांच्या शौर्यास आहे. हा भेद आम्हांस मान्य आहे. माणसाचा मान राखून त्याच्या करणीचा निषेध करता येतो, किंबहुना तसाच तो केला पाहिजे. तथापि पुढील इतिहासाकडे डोळेझाक करून चालणार नाही. उत्तर व दक्षिणेचे गोरे लोक एकमेकांस आलिंगन देऊ लागले, तेव्हा ज्यांच्या मुक्ततेसाठी एवढे रक्त सांडले ते काळे लोक मात्र रस्त्याच्या कडेस विसरले गेले. १८७७ साली दक्षिणेतील राज्यकारभारास असलेला सैन्याचा आधार काढून घेण्यात आला, आणि त्यांचे मताचे व समतेचे हक्क हळूहळू हिरावले गेले. ते परत मिळण्यास जवळजवळ नव्वद वर्षे लागली. तेव्हा हरलेल्या शत्रूस मान देणे हे थोरपण खरे; पण ज्याच्या बाजूने आपण लढलो त्या दीनाचा हात मध्येच सोडणे हे थोरपण नव्हे.

युद्धानंतर मेनच्या लोकांनी चेंबरलेन यांस मोठ्या बहुमताने गव्हर्नर निवडून दिले. त्या काळी ही निवडणूक दरवर्षी होत असे. ते एकामागून एक चार वेळा निवडून आले आणि १८६७ पासून १८७१ च्या आरंभापर्यंत त्यांनी कारभार पाहिला. त्यांच्या कारकिर्दीत शेतकी व यंत्रविद्येचे कॉलेज सुरू झाले. ओस पडत चाललेल्या उत्तर भागात स्वीडन देशातून लोक आणून वसविण्याच्या योजनेस त्यांनी पाठबळ दिले. पण पक्षाच्या पुढाऱ्यांशी त्यांचे फारसे पटले नाही. मेनमध्ये दारूबंदीचा कायदा होता. त्याच्या अंमलबजावणीसाठी खास पोलीस नेमावे ही मागणी त्यांनी मानली नाही, म्हणून दारूबंदीवाले रुष्ट झाले. पक्षाची शिस्त आणि मनाची साक्ष यांत निवड करावयाची वेळ आली की ते दुसरीकडे वळत, आणि असा माणूस राजकारणात फार वर चढत नाही.

१८७१ साली ते आपल्या जुन्या बोडन कॉलेजाचे अध्यक्ष झाले. शास्त्रविषयांचे शिक्षण वाढवावे, कॉलेज काळाबरोबर न्यावे, अशी त्यांची उमेद होती. देशाच्या रक्षणासाठी प्रत्येक शिकलेल्या तरुणास थोडे लष्करी शिक्षण हवे असे त्यांस अनुभवाने वाटत होते, म्हणून १८७२ पासून त्यांनी सर्व विद्यार्थ्यांस लष्करी कवायत सक्तीची केली. आरंभी मुलांना गंमत वाटली. मग कंटाळा आला, मग गणवेश स्वखर्चाने घ्यावयास सांगितले तेव्हा राग आला. अभ्यासाचा वेळ जातो, कॉलेज म्हणजे काही लष्करी शाळा नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. बहुतेक सगळ्या विद्यार्थ्यांनी सह्या करून कवायत बंद करण्याविषयी अर्ज दिला. त्या अर्जाचा काही उपयोग झाला नाही. शेवटी १८७४ च्या मे महिन्यात खालच्या तिन्ही वर्गांनी कवायतीस जाण्याचे साफ नाकारले.

ज्याने गेटिसबर्गच्या टेकडीवरून माघार घेतली नाही तो पुरुष या पोरांपुढे माघार कशी घेणार? त्यांनी सगळ्यांस घरी पाठविले आणि प्रत्येकाच्या पालकांस पत्र धाडले की, दहा दिवसांच्या आत मुलाने परत येऊन नियम पाळण्याचे कबूल करावे, नाहीतर त्याचे नाव काढले जाईल. पालकांनी मुलांची समजूत घातली, आणि तिघांखेरीज सगळे परत आले. वर्तमानपत्रांतून या बंडाचा गाजावाजा झाला. वरकरणी पाहता अध्यक्षांचा जय झाला. परंतु लवकरच कॉलेजाच्या विश्वस्तांनी कवायत ऐच्छिक केली; ऐच्छिक होताच तिला फारसे कोणी जाईना, आणि काही वर्षांत ती बंद पडली. मुले परत आली, पण ज्या गोष्टीसाठी त्यांना परत आणले तीच गोष्ट हातची गेली!

वाचकहो, हाच तो पुरुष होता, ज्याने १२० बंडखोरांस जेवू घालून आपलेसे केले होते. मग अकरा वर्षांनी असे का झाले? आमच्या मते कारण एकच. छावणीतील शिपायांचे त्यांनी आधी ऐकले आणि मग हुकूम दिला. कॉलेजातील मुलांस आधी हुकूम मिळाला, आणि ऐकून घेण्याची वेळ आली तेव्हा ती टळून गेली होती. कदाचित असेही असेल की, बंदूकधारी माणसाचे म्हणणे ऐकावे लागते हे आपणांस सहज कळते. मुलाचे म्हणणे ऐकावे लागते हे कळावयास मात्र वेळ लागतो. लष्करातून आलेल्या गृहस्थासच नव्हे, तर आम्हां शिक्षकांस आणि पालकांसही.

आमचा स्वतःचा अपराध येथे सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. काही वर्षांपूर्वी एका शाळेत शनिवारच्या कवायतीचे काम आमच्याकडे होते. एका खेड्यातून येणारी अकरा मुले कवायत अर्ध्यावर टाकून निघून जात. दोनदा ताकीद दिली, तरी तेच. सोमवारी प्रार्थनेच्या वेळी आम्ही त्यांस साऱ्या शाळेसमोर ओट्यावर उभे केले आणि चार कठोर शब्द सुनावले. मुले मुकाट्याने उभी राहिली. दुपारी शाळेचा शिपाई आम्हांस म्हणाला, "सर, त्या गावची एस.टी. साडेबाराला जाते. ती चुकली तर दुसरी थेट चारला. पोरं तोपर्यंत उपाशी बसतात." एवढी साधी गोष्ट आम्ही विचारलीच नव्हती! त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्याच ओट्यावर उभे राहून आम्ही आमची चूक सर्वांदेखत कबूल केली आणि कवायत सकाळी पहिल्या तासाला घेण्याचे ठरविले. गैरहजेरी त्यामुळे अगदी थांबली असे नाही. आळशी मुले कोठेही असतात. पण त्या अकरांपैकी एकानेही त्यानंतर आमच्याकडे पाहून नजर खाली घातली नाही.

आता चेंबरलेन यांच्या आयुष्यातील शेवटचा मोठा प्रसंग. १८७९ च्या सप्टेंबरात मेनमध्ये निवडणूक झाली. कोणासही गव्हर्नरपदासाठी स्पष्ट बहुमत मिळाले नाही, आणि कायदेमंडळाच्या मतमोजणीत लहानसहान खोटी काढून निकाल फिरविल्याचा आरोप झाला. दोन पक्ष, दोन्ही म्हणतात कायदेमंडळ आमचे. दोहोंकडे हत्यारबंद लोक गोळा होऊ लागले. १८८० च्या जानेवारीत ऑगस्टा या राजधानीच्या शहरी नवा गव्हर्नर ठरेपर्यंत शांतता राखण्याचे काम संस्थानी फौजेचे मुख्य म्हणून चेंबरलेन यांच्यावर आले. सुमारे बारा दिवस साऱ्या संस्थानचा भार एकट्या त्यांच्या माथी होता. फौज बोलावणे सोपे होते. त्यांच्याच पक्षाचे पुढारी तसा आग्रह धरीत होते. पण चेंबरलेन यांनी फौज बोलावली नाही. सभागृहात जमलेल्या हत्यारबंद लोकांस बाहेर काढून त्यांनी शहराच्या साध्या पोलिसांवर काम भागविले आणि वादाचा निकाल वरिष्ठ न्यायालयाने द्यावा असा आग्रह धरला. दोन्ही बाजूंनी त्यांस सिनेटच्या जागेची लालूच दाखविण्यात आली. दोन्ही बाजूंनी शिव्याशाप व जिवाच्या धमक्या आल्या. एके दिवशी जमाव त्यांस ठार मारण्यास आला असता ते एकटे त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले, आपण येथे सर्वांच्या हक्कांचे रक्षण करण्यास आहोत असे सांगितले, आणि कोट उघडून म्हणाले की, कोणास मारावयाचे असेल तर त्याने खुशाल मारावे. तेव्हा गर्दीतून एक जुना शिपाई पुढे आला आणि जनरलच्या केसास धक्का लावणाऱ्याची आपण गय करणार नाही असे त्याने बजावले. जमाव पांगला. न्यायालयाचा निकाल लागला, नवा गव्हर्नर आला, आणि चेंबरलेन निमूटपणे कॉलेजात शिकवावयास परत गेले. त्यानंतर लोकांनी निवडून देण्याची कोणतीही जागा त्यांस मिळाली नाही.

ज्याने संगिनीचा हल्ला चढविला त्याच पुरुषाने शस्त्र उपलब्ध असताना ते बाजूस ठेविले, यात आम्हांस त्यांच्या शौर्याची खरी पराकाष्ठा दिसते. या वेळी त्यांनी कोणत्याही पक्षास शरण जाण्यास सांगितले नाही. दोघांचेही म्हणणे न्यायासनापुढे ऐकले जावे, तोपर्यंत कोणी हात उचलू नये, एवढेच ते म्हणाले. छावणीतील बंडखोरांशी जी नीती, तीच ही. मधल्या काळात कॉलेजात तिचा विसर पडला होता. आमची तर अशी समजूत आहे की, मुलांनी शिकविलेला धडा त्यांच्या कामी आला असावा.

चेंबरलेन हे देवमाणूस नव्हते. त्यांच्या संसारात तेढ होती. १८६८ साली गोष्ट काडीमोडीपर्यंत गेली होती, जरी पुढे ती टळली. युद्धातील प्रसंग सांगताना आपल्या शब्दांना रंग देण्याची सवय त्यांस होती, आणि त्या सलामीचे वर्णनही मुख्यतः त्यांच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आले आहे. परंतु चरित्रे वाचावयाची ती पूजा करण्यासाठी नव्हेत. चांगल्या माणसाच्या हातून केव्हा चांगले घडले आणि केव्हा चुकले, हे पाहून आपला पाय जपून टाकावा, एवढ्यासाठी ती वाचावयाची.

विद्यार्थिमित्रहो, या चरित्रातून तुम्हांस नियम मोडण्याची सनद मिळाली असे मात्र समजू नका. त्या १२० शिपायांचे गाऱ्हाणे ऐकले गेले, तरी निकाल लागेपर्यंत त्यांनी आपले काम केले, आणि म्हणूनच आज त्यांचे नाव निघते. तुमचे काही म्हणणे असेल तर ते धीटपणे येऊन सांगा. पाठीमागे कुजबुज करू नका. पालकांस आमची विनंती आहे की, कॉलेजातून आलेले ते पत्र हाती पडताच ज्याप्रमाणे तेथील पालकांनी मुलांस जवळ बसवून समजूत घातली, त्याप्रमाणे शाळेची चिठ्ठी घरी आली म्हणजे प्रथम मुलास विचारावे, मग शिक्षकास विचारावे, आणि त्यानंतर रागवावे. आणि आम्हां शिक्षकांस? आम्हांस एवढेच सांगणे की, छडीची जागा कानांनी घ्यावयाची आहे. ज्याचे आधी ऐकून घेतले आहे त्यास दिलेला हुकूम जड वाटत नाही.

२४ फेब्रुवारी १९१४ रोजी, वयाच्या ८५ व्या वर्षी, पोर्टलंड येथे चेंबरलेन यांचे देहावसान झाले. पीटर्सबर्गची ती जखमच अखेर त्यांच्या मृत्यूस कारण झाली. जवळजवळ पन्नास वर्षे ते ती अंगावर वागवीत होते. ज्यांच्या हातून ती झाली त्यांस त्यांनी दहा महिन्यांच्या आत सलामी दिली होती. पुढच्या पालकसभेत शिस्तीचा प्रश्न पुन्हा निघेल, तेव्हा हे सगळे चरित्र सांगण्यास आम्हांस वेळ मिळणार नाही; म्हणून ते येथे लिहून ठेविले आहे.